दुरुस्तीची बातमी सगळ्यांनाच कळते

अपडेटसोबत येणारा मजकूर वाचायची मला खोड आहे. बहुतेक वेळा त्यात वाचण्यासारखं काही नसतं. "किरकोळ दुरुस्त्या आणि कामगिरीत सुधारणा" एवढं एक वाक्य, तेही गेल्या वेळचंच उचलून चिकटवलेलं. पण फोनच्या आणि कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या कंपन्या सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी एक वेगळं पान काढतात, आणि ते मात्र बारकाईने वाचावं असं असतं. भाषा अगदी कोरडी. अमुक भागात मेमरीची तपासणी अपुरी होती, ती वाढवली आहे. परिणाम काय झाला असता? तर मुद्दाम तशी घडवलेली चित्राची फाइल उघडली, की तिच्यातून परका कोड चालू शकला असता. आणि काही नोंदींच्या शेवटी आणखी एक वाक्य असतं: या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर झाला असावा असं आमच्या कानावर आलं आहे.

किती सहज लिहिलेलं असतं हे वाक्य! त्याचा सरळ अर्थ असा, की कुणाला तरी एक चित्र आलं आणि त्या क्षणापासून त्याचा फोन त्याचा एकट्याचा राहिला नाही. पुष्कळदा चित्र पाहावंही लागत नाही. मेसेज आला की त्याची छोटी प्रतिमा दाखवण्यासाठी फोन आपणहून ती फाइल उघडतो, तेवढं पुरतं. हातून काहीही चूक न होता माणूस सापडतो.

आता हे पान माझ्यासारख्यांसाठी छापलेलं असलं तरी ते वाचणारे फक्त आम्हीच नसतो. ते सगळ्यांसाठी उघडं असतं. त्रुटींना क्रमांक देण्याची सीव्हीई नावाची पद्धत १९९९ पासून आहे. साल, मग आकडा, असा तो क्रमांक असतो आणि ती नोंदवही कुणालाही चाळता येते. अपडेट निघालं, की फट बुजवल्याची बातमी लागते आणि त्याच बातमीत फट कुठे होती तेही येतं. ज्याच्या यंत्रात अपडेट पोचलं त्याला पहिली अर्धी बातमी लागू. ज्याच्यात पोचलं नाही त्याला दुसरी.

बातमी कितीही मोघम लिहिली तरी फरक पडत नाही. जुनी फाइल सगळ्यांकडे असते, नवी सगळ्यांना मिळते. दोन्ही शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते दाखवणारी साधनं आहेत आणि या व्यवसायात ती रोज वापरली जातात. राखणारेही वापरतात, फोडणारेही. नव्या फाइलमध्ये एका ठिकाणी "आलेला मजकूर ठरल्या लांबीपेक्षा मोठा नाही ना" अशी एक तपासणी जास्तीची दिसली, तर जुनीत ती नव्हती हे समजायला वेगळी अक्कल लागत नाही. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने मायक्रोसॉफ्टच्या पाच प्रोग्रामांवर हे काम यंत्राकडूनच करवून घेतलं होतं. पॅचच्या, म्हणजे दुरुस्तीच्या तुकड्याच्या, आधीची आणि नंतरची प्रत पुरवली, की त्यांचं साधन जुन्या प्रतीला पाडणारा मजकूर आपला आपण तयार करी, आणि तोही काही मिनिटांत. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच एकगठ्ठा देते. त्या दिवसाला व्यवसायातले लोक पॅच ट्यूसडे म्हणतात. दुसऱ्या दिवसालाही त्यांनी, अर्धवट गमतीत, नाव ठेवलंय: एक्स्प्लॉइट वेन्सडे, म्हणजे फटींचा गैरफायदा घेण्याचा बुधवार.

म्हणूनच "चांगला चाललाय कॉम्प्युटर, उगाच कशाला हात लावा" असं कुणी म्हणालं की मी थोडी अडखळते, कारण ते म्हणणं निम्मं खरं आहे. प्रोग्राम लोखंडासारखा गंजत नाही. डिस्कवरचे बिट काल होते तेच आज असतात आणि डिस्क टिकली तर दहा वर्षांनीही तेच राहतील. बदलतं ते त्याच्याबद्दल इतरांना काय ठाऊक आहे ते. फट पहिल्या दिवसापासून होतीच. ती फारशी कुणाला माहीत नव्हती, एवढंच काय ते संरक्षण होतं. पॅच निघाला की ते संरक्षण गेलं, मग आपण तो पॅच घेवो वा न घेवो. "नंतर आठवण करा" हे बटण दाबलं की आपण कालच्या स्थितीत राहिलो असं वाटतं. पण ती कालची स्थिती आता शिल्लकच नसते.

अशा दिरंगाईची किंमत एकदा फारच झटपट वसूल झाली. मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरमधल्या एका फटीवर जुलै २००२ मध्ये पॅच आला होता. २५ जानेवारी २००३ ला, म्हणजे सहा महिन्यांनी, स्लॅमर नावाचा वर्म, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपणहून पसरणारा प्रोग्राम, सुटला. सगळा मिळून ३७६ बाइटचा. हा परिच्छेद साठवायलासुद्धा त्याहून जास्त जागा लागते. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी त्याची लागण दुप्पट होत होती, आणि जी यंत्रं त्याला बळी पडू शकत होती त्यांतली सुमारे ९० टक्के त्याने दहा मिनिटांत गाठली. पॅच घ्यायला सहा महिने मिळाले होते. हल्ला सुरू झाल्यावर मिळाली ती दहा मिनिटं. "काही होतंय असं दिसलं की बघू" या भूमिकेत बघायला वेळ उरतो, हे गृहीत धरलेलं असतं.

वॉनाक्रायची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, पण तिच्यातल्या तारखा ओळीने मांडल्या की ती वेगळीच दिसते. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीच्या भागातली एक त्रुटी बुजवली. त्या वेळी फार कुणी दखल घेतली नाही. बरोबर महिन्याने, १४ एप्रिलला, शॅडो ब्रोकर्स म्हणवणाऱ्या एका अज्ञात टोळीने हल्ल्याच्या हत्यारांचा एक साठा इंटरनेटवर ओतला. तो अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेकडचा असल्याचं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्यात इटर्नलब्लू हे हत्यार होतं आणि ते त्याच, आधीच बुजवलेल्या फटीतून आत शिरत होतं. १२ मे रोजी त्यावर स्वार होऊन वॉनाक्राय निघाला. फाइली कुलूपबंद करायचा, ३०० डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागायचा आणि तेवढ्यात त्याच नेटवर्कवरचं पुढचं यंत्र हुडकायचा. पॅच आणि हल्ला यांच्यात ५९ दिवसांचं अंतर होतं.

सर्वांत जास्त गाजलं ते इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचं. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांचा अहवाल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. रुग्णालयं आणि आरोग्यसेवा चालवणाऱ्या ट्रस्ट नावाच्या २३६ संस्थांपैकी किमान ८१ ना झळ बसली होती. रुग्णांच्या रद्द झालेल्या ६,९१२ भेटी मोजता आल्या आणि खरा आकडा १९ हजारांवर असावा असा अंदाज केला गेला. पाच ठिकाणच्या तातडीच्या विभागांना रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. हल्ला फारसा कसबी नव्हता, सुरक्षेची नेहमीची पथ्यं पाळली असती तर टळला असता, असं लेखापरीक्षकांनी स्वच्छ म्हटलं. त्या दिवसांत जो तो विंडोज एक्सपीला दोष देत होता, कारण ती म्हातारी आणि तिचा कैवार घ्यायला कुणी नव्हतं. प्रत्यक्षात लागण झालेली बहुसंख्य यंत्रं विंडोज ७ ची होती. तिचा पॅच तयार होता, फुकट होता, फक्त बसवलेला नव्हता.

का नव्हता, याचं उत्तर मात्र "आळस" असं देऊन मोकळं होता येत नाही. रुग्णालयातल्या तपासणीच्या यंत्रांच्या पोटात कित्येकदा विंडोजच असते. तिला अपडेट करायचं तर यंत्राच्या उत्पादकाची परवानगी लागते, कारण त्याने जी प्रत तपासून प्रमाणित केली तीच त्यात राहायला हवी. रुग्णालयाच्या तंत्रज्ञाने आपल्या मनाने पॅच चढवला आणि उद्या मशीनने चुकीचं चित्र दाखवलं तर जबाबदारी कुणाची? शिवाय रीस्टार्ट करायचं तर मशीन बंद ठेवायचं, आणि बाहेर रांग. घरी बसून "एवढं कसं केलं नाही" म्हणणं सोपं आहे. मला त्या तंत्रज्ञांचा राग येत नाही. राग येतो तो पंधरा-वीस वर्षं चालणाऱ्या यंत्रात दहा वर्षांत उघडं पडणारं सॉफ्टवेअर घालून विकणाऱ्यांचा.

पुढे झालं असं, की मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या तरुणाला वॉनाक्रायच्या कोडमध्ये एक लांबलचक, निरर्थक वाटणारं संकेतस्थळाचं नाव दिसलं. ते कुणी नोंदवलेलं नव्हतं. लागण कुठे कुठे झालीय याचा माग काढता येईल म्हणून त्याने ते स्वतःच्या नावावर घेतलं, आणि वर्मचा फैलाव थांबला. तो पत्ता जिवंत आहे असं दिसलं तर गप्प बसायचं, असं वर्मच्या आतच लिहिलेलं होतं. जगाने सुटकेचा श्वास सोडला. पण थांबला तो वर्म. फट ज्याच्या त्याच्या यंत्रात तशीच होती. साडेसहा आठवड्यांनी, २७ जून २०१७ ला, तीच फट वापरून पसरणारा नॉटपेट्या नावाचा दुसरा वर्म आला.

आणि नॉटपेट्याने माझ्यासारख्या अपडेटच्या कैवाऱ्यांची चांगलीच पंचाईत केली. कारण तो आला अपडेटमधूनच.

युक्रेनमध्ये करभरणीच्या हिशोबासाठी एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जाई. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरवरच ताबा मिळवला आणि नेहमीच्या अपडेटबरोबर आपला माल पाठवला. ज्यांनी शहाण्यासारखं अपडेट घेतलं ते आधी बुडाले. मग एकदा नेटवर्कच्या आत शिरल्यावर त्याने दोन वाटा धरल्या: एक, मार्चमधला पॅच नसलेली यंत्रं, दुसरी, यंत्राच्या मेमरीत पडून राहिलेले पासवर्ड चोरून, पॅच असलेलीसुद्धा. मर्स्क या जहाज कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की त्यांना दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. साऱ्या कंपनीतल्या वापरकर्त्यांची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरची एकच धड प्रत उरली होती, घानाच्या कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती, म्हणून.

अपडेट खरं कशावरून, याला तांत्रिक उत्तर आहे: डिजिटल सही. कंपनी आपल्या गुप्त किल्लीने अपडेटवर सही करते, आपलं यंत्र ती पडताळतं, जुळली नाही तर घेत नाही. पण ही सही पाठवणारा कोण एवढंच सांगते. २०२० च्या अखेरीस सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या सॉफ्टवेअरचं प्रकरण उघड झालं. तिथे हल्लेखोर कंपनीच्या कारखान्यातच शिरले होते; सही करण्याआधी कोडमध्ये आपलं मिसळत होते. सही अस्सल होती, आतला ऐवज नव्हता. सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत ती आवृत्ती गेली. नंतर मार्च २०२४ मध्ये तर ओपन सोर्सच्या, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, दुनियेत याहून धीराचा डाव उघडा पडला. एक्सझेड नावाच्या फाइली आकसणाऱ्या एका साध्या प्रकल्पात "जिया टॅन" या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं प्रामाणिकपणे काम करून विश्वास मिळवला, आणि मग नव्या आवृत्तीत चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं, तो खणत गेला, आणि प्रकार बाहेर आला. अर्ध्या सेकंदावर अडून बसणारी माणसं व्यवहारात फार त्रासदायक असतात. पण ही चोरवाट जगभरच्या सर्व्हरवर पोचायच्या आत सापडली ती अशाच एका माणसामुळे. तेव्हा ज्यांनी घाईने सर्वांत ताजी आवृत्ती घेतली होती तेच धोक्यात होते. जुन्या, स्थिर आवृत्तीवर असलेले बचावले.

शिवाय कुणाचा हेतू वाईट नसतानाही घोटाळा होतोच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रांना एकदम आडवी करून गेली. विमानं जमिनीवर राहिली. दुरुस्तीसाठी कित्येक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापुढे जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली.

हे सगळं मांडून "मग अपडेट करावं की नाही?" असा प्रश्न येतो, तेव्हा मी आधी विचारते, कुठलं अपडेट? नवी आवृत्ती आणि सुरक्षेची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सझेडची चोरवाट नव्या आवृत्तीत होती. जुन्या स्थिर आवृत्तीवरचे लोक तिच्यासाठी येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या घेतच होते. सर्व्हर सांभाळणारे जाणते लोक हेच करतात: नव्याची घाई नाही, दुरुस्तीला उशीर नाही. अपडेट आधी थोड्या यंत्रांना द्यायचं, एखाद-दोन दिवस लक्ष ठेवायचं, मग बाकीच्यांना. दोन दिवस थांबणं आणि पाच महिने थांबणं यांना एकाच "नंतर"मध्ये कोंबण्यात अर्थ नाही. आणि अपडेटमधून आलेले हल्ले आपल्याला नावानिशी आठवतात, ते बोटांवर मोजता येण्याइतके आहेत म्हणून. जुन्या फटींतून झालेल्या चोऱ्यांची नावं ठेवायलाही कुणाला सवड नसते. अमेरिकेची सीआयएसए ही सरकारी संस्था, प्रत्यक्ष वापरात असलेल्या फटींची एक यादी २०२१ पासून चालवते. दहा-दहा वर्षांपूर्वी बुजवलेल्या फटी त्या यादीत आहेत, कारण त्या अजून कुणाच्या तरी यंत्रात सापडतात.

नव्याची आणि दुरुस्तीची ही सरमिसळ केली ती मात्र बनवणाऱ्यांनीच, आणि इथे मला त्यांना दोन शब्द ऐकवायचे आहेत. अपडेट केलं आणि सकाळी रोजचं बटण जागेवर नाही. रंग बदललेत. न मागितलेलं एक नवं काहीतरी कोपऱ्यात लुकलुकतंय, आणि ते बंद कसं करायचं हे सहजी सापडू नये अशीच व्यवस्था केलेली आहे. प्रिंटर कालपर्यंत दुसऱ्या कंपनीची शाई घेत होता, आज घेत नाही. माणूस एकदा पोळला, दोनदा पोळला, की तिसऱ्यांदा "नंतर" दाबतो. आणि नेमकं त्या तिसऱ्या अपडेटमध्ये चित्राच्या फाइलीवाली दुरुस्ती असते. लोकांना सुरक्षेची जाण नाही अशी तक्रार कंपन्या करतात. लोकांना जाण असते, अनुभवातून आलेली असते. सुरक्षेची दुरुस्ती एकट्याने, गुपचूप, काहीही इकडचं तिकडे न करता येऊ शकते. ब्राउझरवाल्यांनी ते बऱ्यापैकी साधलंय. ब्राउझर बंद करून उघडला की झालं, कुणाला पत्ताही लागत नाही. बाकीच्यांना जमू नये असं त्यात काही नाही.

ही नड ओळखून ठगांनीही आपला धंदा थाटला. एखादं पान मध्येच "तुमचं अमुक सॉफ्टवेअर जुनं झालंय, इथे दाबा" म्हणतं. वर्षानुवर्षं यासाठी फ्लॅश प्लेअरचं नाव वापरलं गेलं. अडोबीने फ्लॅश २०२० च्या अखेरीला बंद केलं तरी ते नाव या धंद्यातून लगेच गेलं नाही. माझा नियम साधा आहे. अपडेट मी यंत्राच्या सेटिंग्जमध्ये जाऊन घेते, किंवा प्रोग्रामच्या स्वतःच्या मेन्यूतून. वेबपान, मेल, फोनवरचा गोड आवाज यांच्याकडून कधीच नाही.

आणखी एक प्रश्न मला फार दिवस छळत होता: या फटी संपत का नाहीत? इतकी वर्षं बुजवतायत, एव्हाना संपायला हव्या होत्या. याचं मोठं कारण फार जुनं निघालं. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म एका युनिक्स प्रोग्राममधून आत शिरत होता. त्या प्रोग्रामने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइटची जागा राखली होती. वर्मने ५३६ बाइट पाठवले. जास्तीचे बाइट शेजारच्या मेमरीवर सांडले आणि तिथे प्रोग्रामने "पुढे कुठे जायचं" हे लिहून ठेवलेलं होतं, ते पुसून त्याजागी वर्मचा पत्ता बसला. सी या भाषेत लिहिलेला प्रोग्राम, जागा किती आणि माल किती हे आपण होऊन तपासत नाही. लिहिणाऱ्याने आठवणीने तपासायचं असतं. कोट्यवधी ओळींमध्ये कुठेतरी कुणीतरी विसरतोच.

पंचवीसेक वर्षांनी, ७ एप्रिल २०१४ ला जाहीर झालेली हार्टब्लीड नावाची फटही याच कुळातली, फक्त उलट दिशेची. इंटरनेटवरचा बराचसा गुप्त व्यवहार ज्या ओपनएसएसएल या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, चालतो, तिच्यात "मी जिवंत आहे, तू आहेस का" असं एकमेकांना विचारायची सोय होती. विचारणाऱ्याने एक शब्द पाठवायचा, तो किती लांब आहे ते सांगायचं, समोरच्याने तोच शब्द परत करायचा. लांबी खरी आहे का, हे कुणी पाहत नव्हतं. एक अक्षर पाठवून "हे ६४ हजार अक्षरांचं आहे" म्हटलं, की सर्व्हर इमानेइतबारे ते एक अक्षर आणि त्यापुढे मेमरीत जे काही पडलं असेल ते सगळं देऊन मोकळा. त्यात दुसऱ्या कुणाचा पासवर्ड असू शकत होता, सर्व्हरची गुप्त किल्लीही. मार्च २०१२ पासून दोन वर्षं ही फट तिथे होती, कोड सगळ्यांना उघडा असताना. पॅचने गळती थांबली. गळून गेलेलं परत आलं नाही, म्हणून किल्ल्या आणि पासवर्ड वेगळे बदलावे लागले. पॅच घेतला की सगळं झालं असं समजणाऱ्यांच्या हे बऱ्याचदा ध्यानात येत नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपला हिशोब मांडला, तेव्हा त्यांच्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशाच घोळातून आलेल्या निघाल्या. क्रोम ब्राउझरवाल्यांचा गंभीर त्रुटींचा हिशोबही तेवढाच भरला. रस्टसारख्या भाषांमध्ये ही तपासणी भाषाच करते, त्यामुळे नवा कोड हळूहळू तिकडे सरकतोय. पण जुना कोड डोंगराएवढा आहे. तो संपेपर्यंत दर महिन्याचा मंगळवार चुकत नाही.

एकदा बसून मी माझ्याभोवतीच्या, नेटला जोडलेल्या वस्तूंची यादी केली. फोन आणि लॅपटॉप सगळ्यांना आठवतात. मग राउटर, प्रिंटर, टीव्ही, मनगटावरचं घड्याळ, वापरात नसलेला पण प्लगला लावून ठेवलेला जुना टॅब. ज्याची आठवणच नाही त्याला अपडेट कोण करणार? मोठ्या कंपन्यांचंही घोडं इथेच अडतं. इक्विफॅक्स ही अमेरिकेतली लोकांच्या कर्जफेडीची आणि आर्थिक पत कितपत आहे याची नोंद ठेवणारी कंपनी. तिच्या वेबसाइटखालच्या अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरचा पॅच ७ मार्च २०१७ ला आला. दोन दिवसांत कंपनीत मेल फिरली, ४८ तासांत बसवा म्हणून. शोधही घेतला गेला. पण ते सॉफ्टवेअर नेमकं कुठे कुठे चालू आहे याची धड नोंद नसल्याने एक जुनी प्रणाली तशीच राहिली. मे महिन्यात चोर तिच्यातून आत आले आणि जुलैअखेरपर्यंत आत होते. नेटवर्कवरून जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीवर नजर ठेवणाऱ्या उपकरणाचं डिजिटल प्रमाणपत्र कधीचं संपलेलं होतं, त्यामुळे त्याला ती माहिती तपासताच येत नव्हती. ते बदलल्याबरोबर चोरी दिसली. तोवर जवळपास १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती.

माझ्या यादीतल्या वस्तूंपैकी राउटर सर्वांत उपेक्षित निघाला. घरातला प्रत्येक बाइट त्याच्यातून जातो आणि त्याच्या फर्मवेअरकडे, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरकडे, कुणी ढुंकून पाहत नाही. त्याचं सेटिंगचं पान उघडून अपडेट आपोआप घेण्याचा पर्याय शोधला, तो होता आणि बंद होता. प्रिंटरलाही मिळालं. टॅबला मात्र काहीच मिळालं नाही, कारण त्याला अपडेट देणं कंपनीने केव्हाच थांबवलेलं होतं. पडदा लख्ख, बॅटरी धडधाकट, यंत्रात खोट नाही. फक्त आता त्यात सापडणारी प्रत्येक फट कायमची. तो मी नेटवरून तोडला. त्यावर साठवलेली पुस्तकं वाचता येतात.

बनवणाऱ्याने हात वर केले की काय होतं, याला एक अपवाद लोकांना आठवतो. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, तरी वॉनाक्रायच्या वेळी मायक्रोसॉफ्टने तिलाही पॅच दिला. त्या भरवशावर राहू नये. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि तिच्यावर चालणारी असंख्य यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून धडधाकट असूनही ती अडगळीत जाणार. काहींना लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घालून आणखी काही वर्षं मिळतील. हे काम वाटतं तितकं अवघड राहिलेलं नाही.

कायदा आता कुठे जागा होतोय. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, नेटला जोडता येणारी वस्तू ग्राहकाला विकायची तर तिला किमान कधीपर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावं लागतं. युरोपीय संघाचा याच विषयावरचा कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होईल, आणि वस्तूचं आयुष्यच त्याहून कमी नसेल तर निदान पाच वर्षं दुरुस्त्या पुरवणं त्यात बंधनकारक आहे. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षांचा शब्द दिला, पाठोपाठ सॅमसंगनेही आपल्या वरच्या फोनना दिला. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा मला ही स्पर्धा जास्त कामाची वाटते, पण जाहिरातीत तिला जागा मिळत नाही.

नेटला जोडायची कुठलीही वस्तू घेण्याआधी मी आता ही तारीख शोधते. उत्पादकाच्या संकेतस्थळावर, "मदत" विभागात, चार-पाच क्लिक आत, बारीक अक्षरांतल्या एखाद्या तक्त्यात ती असते. कधी मॉडेलचं नावच तक्त्यात नसतं. आणि कधी असतं, वस्तू अजून राजरोस नवी म्हणून विकली जात असते, पण तिच्यापुढची तारीख केव्हाच उलटून गेलेली असते.